लेथचा स्पिंडल : किती सैल, किती घट्ट?

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेला निर्वात पात्रासाठी चोवीस फ्लँज हव्या होत्या. फ्लँज म्हणजे पात्राच्या तोंडाची जाड, सपाट कडा. दोन फ्लँजांमध्ये रबराची ओ-रिंग दाबून बसवली की आतली पोकळी बाहेरच्या हवेपासून अलग होते. हे काम आम्ही नवी मुंबईत रबाळे येथील एका छोट्या कार्यशाळेला दिले. फ्लँज वेळेवर आल्या, मापेही बरोबर होती. पण निर्वात काही टिकेना.

एक फ्लँज उजेडात तिरपी धरली तेव्हा कारण दिसले. लेथवर कापलेल्या सपाट पृष्ठावर हत्याराच्या गोल रेषा असतातच. त्या ओ-रिंगला समांतर असल्यामुळे त्रास देत नाहीत. येथे मात्र त्या गोल रेषांना छेदणाऱ्या, मध्याकडून कडेकडे जाणाऱ्या बारीक लाटा होत्या. प्रत्येक लाटेची खळगी म्हणजे ओ-रिंगच्या खालून हवा आत येण्यासाठी आयती वाट. अशा लाटा उमटतात त्या काप घेताना हत्यार आणि काम यांच्यात थरथर झाल्यामुळे.

त्या गाळ्यात मालक, टर्नर आणि हिशेबनीस एकच होते. वयाने साठीच्या पुढचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. फ्लँज परत गेल्या असत्या तर पोलादाची किंमत आणि महिन्याची मेहनत दोन्ही त्यांच्या अंगावर पडणार होती. ते म्हणाले, "साहेब, पुढचे बेअरिंग आवळतो, होईल ठीक."

मी विचारले, "मागे आवळले होते तेव्हा काय झाले?"

"तापले. म्हणून पुन्हा सैल केले."

सैल सोडले की थरथरते आणि आवळले की तापते. जुना लेथ वापरणारा प्रत्येक कारागीर या पेचात कधी ना कधी सापडतो. तंत्रशाळेतल्या जुन्या लेथचीही हीच गत असते. या पेचातून बाहेर काढणारे पदार्थविज्ञान मात्र शाळेतल्या पुस्तकातलेच आहे.

स्पिंडलचे काम

लेथमध्ये काम फिरते आणि हत्यार सरकते. काम धरणारा चक ज्या पोकळ दंडावर बसवलेला असतो तो स्पिंडल. हेडस्टॉकमधील दोन बेअरिंगांवर तो फिरतो. परिभाषाकोशात बेअरिंगला धारवा असा शब्द आहे. कार्यशाळेत मात्र बेअरिंगच म्हणतात. लेथवर तयार होणारा गोलपणा हा या स्पिंडलच्या फिरण्याची नक्कल असतो. स्पिंडलचा अक्ष फिरताना दोन शतांश मिलिमीटर भरकटला, तर हत्यार कितीही धारदार असो, कामात ती चूक उतरणारच.

ढिलाई असली की आणखी एक गोष्ट घडते. काप घेताना हत्याराचा कामावरचा दाब सतत थोडा कमीजास्त होत असतो. बेअरिंगमध्ये फट असेल तर स्पिंडल त्या फटीत मागेपुढे उड्या मारतो. त्यामुळे कापाची जाडी बदलते, जाडी बदलल्याने दाब बदलतो आणि स्पिंडल पुन्हा हलतो. पुढच्या फेरीत हत्याराला मागच्या फेरीतली लाट कापावी लागते, म्हणजे थरथरीला आयतेच खाद्य मिळते. यालाच कारागीर चॅटर म्हणतात. त्याचा कर्कश आवाज आणि पृष्ठावरच्या लाटा एकाच कारणाची दोन रूपे आहेत.

जुना लेथ येतो कुठून?

सिडकोची स्थापना १९७० सालची. त्याच्या आधीच ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले होते. पुढे त्यांतले कित्येक बंद पडले आणि त्यांची यंत्रे विकली गेली. मिस्त्रींचा साडेसहा फुटी लेथ असाच हातोहात होत आला होता. त्याच्यासोबत माहितीपुस्तिका आली नव्हती.

छोट्या कार्यशाळांत राजकोट, बटाला आणि लुधियाना येथे बनलेले लेथ पुष्कळ दिसतात. त्यांच्या जोडीला कुठे बंगळूरच्या एचएमटीचा, कुठे हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा लेथ असतो. एचएमटीची स्थापना १९५३ ची. म्हैसूर किर्लोस्करची १९४१ ची. किर्लोस्करवाडीत १९१० साली रुजलेल्या उद्योगाची ती शाखा. हरिहरचा तो कारखाना आता बंद आहे. त्याचे लेथ मात्र अजून फिरतात. म्हणजे यंत्र आहे, पण विचारायला निर्माता नाही, अशी स्थिती अनेकदा येते. मग यंत्रालाच प्रश्न विचारावे लागतात आणि ते उत्तर देते मोजमापातून.

आधी दोष ओळखा

थरथर दिसली की लगेच बेअरिंगवर संशय घेऊ नये. हत्यार फार लांब बाहेर काढले आहे का, चकच्या मागच्या तबकडीत कीस अडकला आहे का, हेडस्टॉकचे बोल्ट बेडवर घट्ट आहेत का, हे आधी पाहावे. पातळ कडे तीन जबड्यांच्या चकमध्ये जोराने आवळले तर ते धरलेले असताना गोल कापले जाते आणि सोडल्यावर तीन कोपऱ्यांचे होते. तो दोष चकवर लावलेल्या जोराचा, बेअरिंगचा नव्हे.

दोन चाचण्यांची गल्लत नेहमी होते. पहिल्या चाचणीत डायल गेजचे टोक स्पिंडलच्या तोंडावरील स्वच्छ, घासून काढलेल्या भागाला टेकवतात आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवतात. एका फेरीत काटा जेवढा हलतो तेवढी फिरण्यातली चूक. ती स्पिंडल वाकल्यामुळे, बेअरिंगचे कडे असमान असल्यामुळे किंवा मध्ये घाण राहिल्यामुळे येते. नट आवळून ती जात नाही. दुसऱ्या चाचणीत स्पिंडल फिरवायचा नाही. त्याला जोर लावायचा आणि तो जागचा किती हलतो ते पाहायचे. बेअरिंगमधली फट या चाचणीतच सापडते.

ढिलाई वेगळी, लवचीकता वेगळी

कारागीर चकखाली दांडके घालून उचलतो आणि काटा हलला की "प्ले आहे" म्हणतो. पण काटा तर नव्या लेथवरही हलेल. पोलाद आणि बीड हे स्थितिस्थापक पदार्थ आहेत. जोर लावला की ते हूकच्या नियमानुसार वाकणारच. प्रश्न असा, की काट्याच्या हालचालीत फटीचा वाटा किती आणि वाकण्याचा किती? एकाच वाचनातून हे कळत नाही. अनेक वाचनांच्या आलेखातून कळते.

आम्ही तो आलेख काढला. मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवला. पट्टा उतरवला, कारण पट्ट्याचा ताण स्पिंडलला एका बाजूला दाबून ठेवतो आणि फट लपवतो. डायलचे चुंबकी बूड हेडस्टॉकवरच बसवले, म्हणजे बेडचे वाकणे मोजमापात मिसळणार नाही. डायल दोन मायक्रॉन दाखवणारा होता. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चकला पट्टा बांधून तो ताणकाट्याला अडकवला आणि ताणकाटा छताच्या तुळईवरील चेन-पुलीने हळूहळू वर ओढला.

पंधरा किलोपर्यंत काटा जेमतेम चार मायक्रॉन सरकला, कारण चक आणि स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली टेकलेले होते. पंधरा आणि वीस किलोंच्या दरम्यान तो एकदम चाळीस मायक्रॉनांनी उडाला. त्यानंतर मात्र प्रत्येक दहा किलोंना सुमारे तीन मायक्रॉन, असा शिस्तीत चढत गेला. जोर कमी करत आणला तेव्हा ती उडी उलट दिशेने पुन्हा दिसली.

आलेखात मध्ये उभी पायरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिरकी सरळ रेषा दिसत होती. पायरी म्हणजे फट. रेषेचा चढ म्हणजे यंत्राची लवचीकता. नट आवळून पायरी घालवता येते. रेषेचा चढ थोडा कमी होईल, पण शून्य कधीच होणार नाही. तो शून्य करण्याच्या नादात जो आवळत जातो, तो बेअरिंग जाळतो. मिस्त्रींनी पूर्वी नेमके हेच केले होते. पान्याला पाइप लावून, काटा हलेनासा होईपर्यंत त्यांनी आवळले होते.

नट किती फिरवायचा?

या लेथमध्ये टेपर रोलर बेअरिंगांची जोडी होती. हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली ज्याचे पेटंट घेतले त्या प्रकारचे हे बेअरिंग. त्याचे रोलर किंचित निमुळते असतात आणि आतले व बाहेरचे कडेही उतरते असते. त्यामुळे आतले कडे अक्षाच्या दिशेने सरकवले की आडवी फट कमी होते. स्पिंडलच्या मागच्या टोकाचा आट्यांचा नट हेच काम करतो.

आता हिशेब करू. उतार सुमारे १५ अंशांचा आहे असे धरू. चाळीस मायक्रॉन फट म्हणजे प्रत्येक बाजूला वीस. १५ अंशांचा टॅन ०.२६८. म्हणून एका बेअरिंगमधली फट मिटवायला कडे २० ÷ ०.२६८, म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉन सरकले पाहिजे. दोन बेअरिंगांचे मिळून १५०. नटाच्या आट्यांचे अंतर २ मिलिमीटर होते. म्हणजे पूर्ण फेरीला २००० मायक्रॉन आणि एका अंशाला साडेपाचांहून थोडे अधिक. १५० मायक्रॉनांसाठी नट फक्त २७ अंश फिरायला हवा. घड्याळाच्या मिनिटकाट्याला एवढे फिरायला साडेचार मिनिटे लागतात.

पाइप लावून मारलेला एक झटका या मापापुढे किती रानटी ठरतो ते आता ध्यानात येईल. आम्ही नटावर आणि हेडस्टॉकवर खडूने खुणा केल्या आणि पाच पाच अंशांनी पुढे गेलो. प्रत्येक पायरीनंतर स्पिंडल हाताने दहाबारा फेऱ्या फिरवला. असे केले नाही तर रोलर आपल्या जागी नीट टेकत नाहीत आणि वाचन फसवे येते. मग पुन्हा जोर, पुन्हा डायल. सहाव्या पायरीला आलेखातली उडी नाहीशी झाली. पन्नास किलोंना एकूण चौदा मायक्रॉन, तेही सरळ रेषेत.

येथेच काम संपले असे समजू नये. नट जागेवर ठेवण्यासाठी दुसरा नट, म्हणजे चेक नट, आवळावा लागतो. तो आवळताना पहिला नट आट्यांमधल्या फटीएवढा पुढे ढकलला जातो आणि जुळणी बदलते. म्हणून शेवटचे वाचन चेक नट आवळल्यावरच घ्यायचे. आमचे वाचन त्यावेळी बिघडले होते. नट तीन अंश मागे घेऊन पुन्हा जुळवावे लागले.

उष्णतेचा हिशेब

थंड यंत्रावर केलेली जुळणी गरम यंत्रावर तशीच राहत नाही. फिरताना आतली कडी आणि स्पिंडल लवकर तापतात. हेडस्टॉकचे बीड जड असते आणि हवेत उष्णता सोडत असते, म्हणून ते मागे राहते. स्पिंडल हेडस्टॉकपेक्षा २० अंश सेल्सियसने जास्त तापला असे समजू. पोलाद दर अंशाला दहा लाख भागांत सुमारे बारा भाग वाढते. दोन बेअरिंगांमधले अंतर ३०० मिलिमीटर असेल तर स्पिंडल ७२ मायक्रॉनांनी लांबतो. या मांडणीत आतली कडी त्यामुळे एकमेकांपासून दूर जातात आणि बेअरिंग सैल होते.

त्याच वेळी आतले कडे जाडही होते. ८० मिलिमीटर व्यासाला ही वाढ १९ मायक्रॉन. मघाच्याच रीतीने तिचे अक्षाच्या दिशेने रूपांतर केले तर प्रत्येक बेअरिंगला ३६, दोघांचे मिळून ७२ मायक्रॉन, तेवढे घट्ट. आपण घेतलेल्या आकड्यांत सैल होणे आणि घट्ट होणे यांची फिटंफाट झाली. बेअरिंगांमधले अंतर योग्य निवडले तर असा तोल साधता येतो.

पण तोल साधायला वेळ लागतो. घर्षण बेअरिंगमध्ये होते, म्हणून कडे आधी फुगते; स्पिंडलचा मधला भाग तापून लांबतो तो मागाहून. सुरुवातीच्या मिनिटांत बेअरिंग घट्टच होत जाते. जुळणी आधीच फार घट्ट असेल तर घर्षणाने उष्णता, उष्णतेने अधिक घट्टपणा आणि त्यातून अधिक घर्षण असे चक्र सुरू होते. बेअरिंग जळते ते असे. म्हणून जुळणीनंतर लेथ आधी हळू, मग मध्यम वेगाने तासभर रिकामा चालवावा आणि दर पाच मिनिटांनी पुढच्या झाकणाचे तापमान लिहावे. आमच्या वेळी ते खोलीपेक्षा पंधरा अंशांनी वाढले आणि स्थिरावले. तापमान चढतच राहिले तर लेथ बंद करून नट थोडा मागे घ्यावा. थर्मामीटर नसेल तर लेथ थांबवून हात ठेवावा. हात सुखाने ठेवता येत नसेल तर जुळणी घट्ट झाली आहे.

बुश असलेले लेथ

जुन्या शाळांतल्या लेथमध्ये बहुधा रोलर नसतात. गनमेटलचे, बाजूने चिरलेले बुश असतात. येथे फट पूर्ण मिटवणे हीच चूक ठरते, कारण स्पिंडल बुशवर नव्हे तर तेलावर तरंगत असतो. बोशाँ टॉवर या अभियंत्याने १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग केले. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर त्यातून तेल वर येऊ लागले. बूच मारले तेव्हा तेही ढकलले गेले. दाबमापक लावला तर काटा मापनपट्टीच्या शेवटी गेला; तेथला दाब सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त होता. फिरणारा दंड तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तेलाची ही पाचर भार उचलून धरते, असे त्यातून समजले. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली त्याचे गणित मांडले.

म्हणून ६० मिलिमीटरच्या स्पिंडलला बुशमध्ये दोन ते चार शतांश फट ठेवतात. ती वाढली तर चिरेतील पातळ पत्रे, म्हणजे शिम, काढून किंवा उतरता बुश ओढून कमी करता येते. पण बुश झिजून लंबगोल झाला असेल तर आवळून तो गोल होत नाही; दोन जागी घासतो आणि बाकी ठिकाणी सैलच राहतो. अशा वेळी स्पिंडलला निळा रंग लावून, बुशमध्ये कुठे उमटतो ते पाहून, तेवढाच भाग स्क्रेपरने खरवडावा लागतो. हे संथ काम आहे. त्याला घाई चालत नाही.

आवळून भागत नाही तेव्हा

स्क्रू ड्रायव्हरचे टोक हेडस्टॉकला आणि मूठ कानाला लावून ऐकावे. एकसारखी घरघर असेल तर ठीक. ठरावीक अंतराने टकटक असेल किंवा हाताने फिरवताना खाचा जाणवत असतील, तर कड्यावर खड्डे पडले आहेत. ते बेअरिंग बदलण्यावाचून इलाज नाही. खड्ड्यांचे एक कारण शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावे : चकमध्ये धरलेल्या कामावर वेल्डिंग करू नये. अर्थिंग बेडला लावली असेल तर प्रवाह बेअरिंगमधून जातो आणि रोलर टेकतात तेथे ठिणग्यांनी पोलाद वितळते.

नवे बेअरिंग घेताना नुसता क्रमांक जुळून पुरत नाही; अचूकतेची श्रेणीही जुळावी लागते. साध्या श्रेणीचे बेअरिंग गाडीच्या चाकाला उत्तम, लेथला अपुरे. बसवताना हातोडी मारू नये, कारण रोलरमधून गेलेला घाव कड्यावर खूण सोडतो. बेअरिंग तेलात बुडवून सुमारे शंभर अंशांपर्यंत तापवावे. ६० मिलिमीटरचे भोक ७० अंशांच्या वाढीने पाच शतांशांनी मोठे होते आणि बेअरिंग हाताने सरकते. स्पिंडलचा उंच बिंदू आणि आतल्या कड्याचा जाड बिंदू डायलने शोधून समोरासमोर बसवले, तर दोन चुका एकमेकींना कापतात.

वर्गात काय करता येईल?

लेथ नसला तरी सायकल आहे. तिच्या चाकाच्या आसात वाटी, गोळ्या, कोन आणि चेक नट अशीच रचना असते. सायकल उलटी उभी करा. रिमच्या बाजूला मोजपट्टी पक्की बांधा आणि रिमला ताणकाटा अडकवून आधी एका, मग दुसऱ्या बाजूला ओढा. अर्ध्या अर्ध्या किलोने वाचने घेऊन आलेख काढा. कोन सैल असेल तर मधली पायरी दिसेल. कोन थोडा थोडा आवळत प्रत्येक वेळी नवा आलेख काढा. पायरी कोणत्या टप्प्याला नाहीशी होते आणि त्यानंतरही आवळत गेल्यास चाक मोकळेपणी फिरवून सोडल्यावर किती फेऱ्या घेते, याची नोंद ठेवा. फेऱ्यांची संख्या झपाट्याने घसरू लागते त्याच्या किंचित अलीकडे योग्य जुळणी असते. चेक नट आवळल्यावर ती बिघडते, हेही मुलांना स्वतःच्या हाताने कळेल.

मिस्त्रींच्या फ्लँजांच्या जाडीत थोडी सवलत होती. जुळणीनंतर प्रत्येकीच्या तोंडावरून दोन दशांश मिलिमीटरचा हलका काप घेतला. लाटा गेल्या आणि चोवीसच्या चोवीस फ्लँजांनी निर्वात धरला. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा हेडस्टॉकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तेलरंगात लिहिलेले दिसले : "नट १ अंश = साडेपाच मायक्रॉन." पाइप मात्र कोपऱ्यात उभा होता. तो कशाला ठेवला, असे विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "चकसाठी लागतो, साहेब. बेअरिंगसाठी आता नाही."